गाण्यामागची गोष्ट : नंबर १२१

बालमित्रांनो, (आणि मुलांच्या हातून अंक काढून घेऊन आधी हेच पान वाचणाऱ्या आई-बाबांनो,)

आमच्या चौथीच्या वर्गात मध्यंतरी एक भांडण झालं. मुलामुलांचं नव्हे हं, चक्क बाईंचं आणि एका विद्यार्थिनीचं! बाई म्हणजे अर्थात मीच. 'पावसाळ्यातील एक दिवस' असा निबंध घरून लिहून आणायला सांगितला होता. एका मुलीची वही तपासताना मला वाटलं, छे, हिला याच्यापेक्षा कितीतरी छान लिहिता येतं. म्हणून लाल पेनानं खाली शेरा मारला, 'पुन्हा लिही.'

झालं! मधल्या सुट्टीत स्वारी वही घेऊन हजर. डबा उघडलेला नाही, डोळे भरलेले.

"बाई, शुद्धलेखनाची एक पण चूक नाहीये. मग मला शिक्षा का?"

"अगं, शिक्षा कुठे केलीय? पुन्हा लिही म्हटलं."

"मग काय चुकलं ते दाखवा ना!"

आणि खरं सांगू का? मला ते चटकन दाखवता येईना. निबंधात ढग होते, विजा होत्या, मोर होता, बेडूक होता, शेवटी गरमागरम भजी होती. सगळं जागच्या जागी. तरीही काहीतरी नव्हतं. मी म्हटलं, "उद्या सांगते." उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. तिला द्यायचं उत्तर मला सापडलं ते एका इंग्रजी गाण्यात. आज त्याच गाण्याची गोष्ट.

गाण्याचं नाव 'वेस्ट एंड गर्ल्स'. गाणाऱ्या जोडीचं नाव 'पेट शॉप बॉइज'. म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानातली पोरं! हसून घ्या आधी. लंडनमध्ये ईलिंग म्हणून एक भाग आहे, तिथल्या अशा एका दुकानात यांचे काही मित्र कामाला होते. त्यांच्यावरून हे नाव. हे दोघे स्वतः मात्र पोपट आणि ससे विकायला बसत नव्हते.

दोघांपैकी थोरला नील टेनंट. जन्म १९५४चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थ शील्ड्स गावचा. कॉलेजात इतिहास शिकला आणि लंडनला 'मार्व्हल'च्या कचेरीत चिकटला. हो हो, तेच स्पायडरमॅनवाले मार्व्हल! अमेरिकेतून आलेल्या चित्रकथा इंग्लंडमध्ये छापायच्या तर त्यातली अमेरिकन स्पेलिंगं बदलायला हवीत. अमेरिकन माणूस 'कलर' लिहिताना त्यातला 'यू' खाऊन टाकतो, इंग्रज माणसाला तो लागतो. असले 'यू' जागेवर बसवणं हे नीलच्या कामांपैकी एक. थोडक्यात, आमच्याच जातकुळीचा, लाल पेनवाला माणूस!

धाकटा ख्रिस लो. जन्म १९५९, समुद्रकाठच्या ब्लॅकपूलचा. शाळेत असताना ट्रॉम्बोन नावाचं पितळी वाद्य वाजवायचा. पुढे लिव्हरपूलच्या विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला लागला, म्हणजे इमारतींचे आराखडे करायला. शिक्षणाचाच भाग म्हणून तो लंडनच्या एका कचेरीत काम शिकायला आला. मिल्टन कीन्स नावाच्या शहरात त्यानं आराखडा केलेला एक जिनासुद्धा आहे.

आता हा जिनेवाला आणि तो स्पेलिंगवाला एकत्र आले कसे? १९८१ सालचा ऑगस्ट महिना. लंडनच्या किंग्ज रोडवर विजेच्या वस्तूंचं एक दुकान. नीलनं नुकताच एक छोटा सिंथेसायझर घेतला होता. सिंथेसायझर म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या असलेलं, पण विजेवर सूर तयार करणारं वाद्य. तो घरच्या स्टिरिओला जोडायला एक पिन हवी होती, ती करून घ्यायला नील दुकानात उभा. ख्रिसही तिथे आलेला. दुकानात उभ्या उभ्या गप्पा सुरू झाल्या, बघता बघता नाचाच्या गाण्यांवर घसरल्या, आणि दोघांची गट्टी जमली. एक सत्तावीस वर्षांचा, दुसरा एकवीसचा. पिनेची किंमत किती होती कोण जाणे, पण इतकी लाभलेली पिन दुसरी नसेल!

दोघं मिळून गाणी रचायला लागले. पण पोटापाण्याचं काय? १९८२मध्ये नील 'स्मॅश हिट्स' या मासिकात लागला. मासिक म्हणजे पाक्षिक बरं का, पंधरा दिवसांनी निघायचं. तुमच्याच वयाची, थोडी मोठी मुलं-मुली त्यावर तुटून पडायची. गाजणाऱ्या गाण्यांचे शब्द त्यात छापलेले असत, गायकांच्या मुलाखती असत आणि भरपूर थट्टामस्करी. (२००६ साली ते बंद पडलं.) म्हणजे नील दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांबद्दल लिहायचा आणि संध्याकाळी स्वतःची गाणी करायचा.

त्यातलंच एक 'वेस्ट एंड गर्ल्स'. ते समजायचं तर लंडनचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधून थेम्स नदी वाहते, पश्चिमेकडून पूर्वेला, समुद्राकडे. नदीच्या पूर्वेकडच्या अंगाला गोद्या. जगभरची जहाजं तिथे लागायची, चहा, साखर, लाकूड उतरायचं. त्यांच्याभोवती गोदीतल्या मजुरांच्या, शिंप्यांच्या, परदेशांतून आलेल्या गरीब माणसांच्या दाट वस्त्या. हा 'ईस्ट एंड', म्हणजे पूर्वेचं टोक. आणि 'वेस्ट एंड' म्हणजे नाटकघरं, झगझगीत दुकानं, खाण्यापिण्याच्या महागड्या जागा. लंडनला वारा बहुतेक करून पश्चिमेकडून येतो. त्यामुळे कोळशाच्या काळात सगळ्या शहराचा धूर जायचा कुठे? पूर्वेला! श्रीमंतांनी पश्चिमेला घरं बांधली यात नवल काय? १९८१ सालापर्यंत लंडन शहरातल्या शेवटच्या मोठ्या गोद्याही बंद पडल्या होत्या. पूर्वेकडच्या पोरांनी संध्याकाळी जायचं कुठे? तर वेस्ट एंडला, दिव्यांच्या झगमगाटात. तिथे पश्चिमेच्या मुली आणि पूर्वेची मुलं समोरासमोर येतात. शहर एकच, पण दोघांची जगं निराळी. हा गाण्याचा विषय.

नाचायच्या गाण्याला इतका गंभीर विषय! आणि पुढे ऐका. नात्यातल्या एका भावंडाकडे नॉटिंगहॅमला मुक्कामाला असताना, टीव्हीवर जेम्स कॅग्नीचा एक जुना गुंडांचा चित्रपट पाहून झाल्यावर, बिछान्यात पडल्या पडल्या नीलला पहिल्या ओळी सुचल्या. १९८२ साली न्यूयॉर्कच्या ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचं 'द मेसेज' हे रॅप खूप गाजलं होतं. गरीब वस्तीतल्या जगण्याबद्दलचं ते गाणं. रॅप तुम्हाला मी काय सांगणार, तुमची पिढीच त्यावर वाढली आहे. पण तेव्हा ते अगदी नवं होतं. नीलनं ठरवलं, रॅप करायचं, पण अमेरिकन उच्चारांची नक्कल करायची नाही, आपल्या स्वतःच्या इंग्रजी बोलीत बोलायचं. शिवाय डोक्यात टी. एस. एलियट या कवीची १९२२ सालची 'द वेस्ट लँड' ही लांबलचक कविता. तिच्यात वेगवेगळ्या माणसांचे आवाज ओळखपाळख न करून देता एकदम बोलू लागतात, गर्दीतून चालताना कानावर पडतात तसे. ते नीलला फार आवडायचं. आणि इतिहास शिकलेला माणूस गप्प कसा बसेल? १९१७ साली लेनिन स्वित्झर्लंडहून आगगाडीनं रशियाला परतला आणि पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला, त्या प्रवासाचा उल्लेखसुद्धा त्यानं गाण्यात घुसवला! नाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते लक्षात आलं असेल देव जाणे. मला स्वतःला ते फार आवडतं.

गाणं तर झालं. आता रेकॉर्ड कोण करणार?

नील आणि ख्रिस दोघंही न्यूयॉर्कच्या बॉबी ऑर्लँडो या माणसाचे भक्त. हा 'बॉबी ओ' नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या झपाझप काढायचा. ऑगस्ट १९८३मध्ये 'स्मॅश हिट्स'नं नीलला न्यूयॉर्कला पाठवलं, 'द पोलीस' या प्रसिद्ध चमूची मुलाखत घ्यायला. नीलनं काय केलं? बॉबीला गाठलं आणि त्याच्याबरोबर जेवण ठरवलं. चीजबर्गर आणि गाजराचा केक खाता खाता त्यानं आपल्या गाण्यांचा विषय काढला. बॉबी म्हणाला, करू या की रेकॉर्ड! कामाला म्हणून गेलेला बातमीदार गायक होऊन परत आला. (कचेरीच्या खर्चानं जाऊन स्वतःचं काम करू नये, हे खरं. पण त्यानं मुलाखतीचं कामही केलंच.)

'वेस्ट एंड गर्ल्स' न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालं आणि एप्रिल १९८४मध्ये बाजारात आलं. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोच्या नाचघरांत ते वाजलं. पण घरी? इंग्लंडात?

इथे जरा थांबून त्यांची यादी समजून घेऊ. आपल्या आजी-आजोबांना विचारा, 'बिनाका गीतमाला' काय होतं. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानी गाण्यांचे क्रमांक सांगायचे आणि आख्खी गल्ली कान लावून बसायची. ती सुरू झाली १९५२मध्ये. गंमत म्हणजे इंग्लंडातली खपाची यादीसुद्धा १९५२चीच! एका साप्ताहिकानं काही दुकानदारांना फोन करून विचारलं, 'या आठवड्यात कुठल्या तबकड्या खपल्या?' आणि त्यावरून क्रमांक लावले. पुढे तिचं मोठं प्रस्थ झालं. तिथल्या पोरांना पहिले चाळीस नंबर तोंडपाठ असत. चाळिसाच्या पुढचं कोण विचारतो?

आणि आपल्या दोस्तांच्या गाण्याचा नंबर होता १२१.

शंभरातसुद्धा नाही! वर्गात शेवटून पहिला येणाऱ्यालाही निदान निकालपत्रात जागा असते. नीलचं दुःख तर दुप्पट. तो ज्या मासिकात काम करत होता तेच मुळी गाजलेल्या गाण्यांचं. रोज सकाळी टेबलावर दुसऱ्यांच्या नंबर एकच्या बातम्या, आणि आपलं गाणं एकशे एकविसावं.

आता तुम्ही काय केलं असतं? मी असते तर वही बंद केली असती, झालं. निदान 'वेस्ट एंड गर्ल्स' सोडून दिलं असतं आणि नवं काहीतरी केलं असतं. नापास झालेला पेपर कोण पुन्हा उघडून बघतो?

त्यांच्यापुढे आणखी एक पेच होता. बॉबीबरोबर करार झालेला होता. त्यातून सुटायचं तर किंमत मोजावी लागणार होती. १९८५च्या मार्चमध्ये अखेर तडजोड झाली. पुढे कधी पैसे मिळालेच, तर त्यातला ठरलेला वाटा बॉबीला द्यायचा. त्याच सुमारास पार्लोफोन या कंपनीशी त्यांचा करार झाला. बीटल्सच्या तबकड्या काढणारी हीच ती कंपनी. आणि नीलनं 'स्मॅश हिट्स'चा राजीनामा दिला. वय तीस वर्षं, हातात चांगली सहाय्यक संपादकाची नोकरी, खिशात एकशे एकविसावा नंबर. त्याच्या सहकाऱ्यांनी मासिकातच त्याला निरोप दिला, तोही त्यांच्या नेहमीच्या थट्टेखोर भाषेत. हा लवकरच आपटणार आणि आमच्या दारी परत येणार, असं भविष्य चक्क छापलं!

आई-बाबांनो, इथे मी तुमच्याकडे बघते आहे. आपल्या घरात तिशीच्या मुलानं असा राजीनामा दिला असता तर? मी माझ्या मुलाला काय म्हटलं असतं, ते इथे न लिहिलेलंच बरं.

जुलै १९८५मध्ये नव्या कंपनीकडून पहिली तबकडी आली, 'ऑपॉर्च्युनिटीज'. नंबर लागला ११६. पाच नंबरांनी प्रगती! मासिकवाल्यांचं भविष्य खरं होणार असंच दिसत होतं.

आणि अशा वेळी या दोघांनी काय काढलं? तेच जुनं, नापास झालेलं 'वेस्ट एंड गर्ल्स'.

या वेळी जोडीला स्टीफन हेग नावाचा माणूस घेतला. तो 'प्रोड्यूसर'. सिनेमात दिग्दर्शक असतो ना, तसा रेकॉर्डिंगमध्ये हा असतो. कुठलं वाद्य कुठे वाजेल, कुठला आवाज जवळून येईल आणि कुठला लांबून, हे तो बघतो. त्यानं मॅल्कम मॅक्लॅरेनचं 'मादाम बटरफ्लाय' केलं होतं, ऑपेरातलं गाणं नाचाच्या ठेक्यावर बसवून. ते ऐकून यांना हाच माणूस हवा होता.

आता कान देऊन ऐका, कारण माझ्या वर्गातल्या भांडणाचं उत्तर इथेच आहे. नव्या गाण्यात विषय तोच राहिला, चाल तीच राहिली, गाणारा तोच. एम्युलेटर नावाचं यंत्र पहिल्या वेळीही होतं, दुसऱ्या वेळीही. हे यंत्र मोठं गमतीचं. त्यात कुठलाही आवाज भरून ठेवायचा, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा चालेल, आणि मग पेटीच्या पट्ट्यांवर तो वाजवायचा. वरची पट्टी दाबली की यंत्र भरलेला आवाज जास्त वेगानं सोडतं, म्हणून तो उंच होतो. खालची दाबली की सावकाश, म्हणून खोल. (घरात जुना टेपरेकॉर्डर असेल तर फीत भरभर फिरवून बघा, बाबांचा आवाज उंदरासारखा येतो.) गाण्यात मागे माणसांच्या समूहगायनासारखा जो आवाज तरंगत राहतो, तो या यंत्रातला. नव्या गाण्यात मध्येच ट्रम्पेट वाजतं तेही तसंच, कुणी फुंकलेलं नाही, पट्ट्या दाबून काढलेलं!

मग बदललं काय? पहिलं गाणं ऐकलं की ढोल आधी अंगावर येतात. ठाक ठाक ठाक, चला नाचा! गाणं धावतं, पण आपण आहोत कुठे ते कळत नाही. हेगच्या गाण्यात ठेका आहे, पण तो पावलांसारखा खालून चालतो. वर अंधार आहे, दिवे आहेत. नीलचा आवाज ओरडत नाही, शेजारून चालणाऱ्या माणसासारखा कानाशी बोलतो. आणि एक बाईंचा आवाज मधूनच उंच जातो, तो हेलेना स्प्रिंग्ज या गायिकेचा.

आणि सगळ्यात सुरुवातीला? सुरुवातीला गाणंच नाही. आधी रस्ता ऐकू येतो. हेग रात्री हातात मावणारा कॅसेट रेकॉर्डर घेऊन स्टुडिओच्या बाहेर पडला आणि चालत चालत त्यानं रस्त्याचे आवाज टिपले. पावलं वाजतात, गाड्या जातात. स्टुडिओ होता गॉस्फील्ड स्ट्रीटवर, वेस्ट एंडच्याच बाजूला. म्हणजे ज्या भागाचं गाणं, त्याच भागातल्या रस्त्याचा आवाज! पहिल्या वेळी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ही गोष्ट कुणाला सुचली नव्हती. शब्दांत लंडन होतं, पण गाण्यात लंडन नव्हतं. ते आता आलं.

ऑक्टोबर १९८५च्या अखेरीस तबकडी बाजारात आली. लगेच उडी नाही मारली बरं का! आठवड्या-आठवड्यानं, जिन्याच्या एकेक पायरीनं ती वर चढत राहिली. (ख्रिसला जिन्यांची सवय होतीच.) नाताळ आला नि गेला. नाताळात शेकिन स्टीव्हन्सचं नाताळगीत पहिल्या नंबरवर होतं. आणि जानेवारी १९८६मध्ये त्याला खाली ढकलून 'वेस्ट एंड गर्ल्स' नंबर १! दोन आठवडे तिथे राहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतही नंबर १. कॅनडा, आयर्लंड, नॉर्वे, न्यूझीलंड... तिथेही पहिलाच. १९८७मध्ये त्याला इंग्लंडातला 'ब्रिट' पुरस्कार मिळाला, वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून. आणि २०२०मध्ये 'द गार्डियन' या दैनिकाच्या समीक्षकांनी १९५२पासून नंबर १ झालेल्या गाण्यांतून सर्वांत उत्तम शंभर निवडली, त्यांत पहिलं हेच.

परत येणार म्हणून भविष्य छापलेला नील मासिकात काही नोकरीला परत आला नाही. मुखपृष्ठावर मात्र आला!

आणखी एक सांगते, ते मला सर्वांत आवडतं. १२ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिकचा समारोप. मैदानात हे दोघं आले, डोक्यावर टोकदार कागदी घड्यांसारख्या टोप्या, आणि वाहन कुठलं? सायकल-रिक्षा! त्यांतून मैदानाला फेरी मारत त्यांनी 'वेस्ट एंड गर्ल्स' म्हटलं. नील तेव्हा ५८ वर्षांचा होता. ते मैदान लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागात आहे. नकाशात शोधा बघू. पूर्वेला! जुने कारखाने आणि घाण साचलेली जमीन साफ करून तिथे ऑलिंपिकचं उद्यान केलं होतं. पश्चिम टोकाचं गाणं, जगाच्या समोर, पूर्वेच्या अंगणात.

तर आता आमच्या वर्गात चला. शनिवारी शेवटच्या तासाला मी दोन्ही गाणी लावली, आधी १९८४चं, मग १९८५चं. कुठलं गाणं १२१ आणि कुठलं १, ते सांगितलं नाही. इंग्रजी शब्द कुणाला फारसे कळले नाहीत, पण त्यानं काही अडलं नाही. हात वर करायला सांगितलं तर अकरा जणांना पहिलंच जास्त आवडलं! "बाई, यात ढोल भारी आहे." आता आली का पंचाईत? मीही खोटं बोलणार नाही, त्या पहिल्या गाण्याचा धसमुसळेपणा मलासुद्धा आवडतो. पण मग एक मुलगा म्हणाला, "दुसऱ्यात कोणतरी चालतंय." वर्ग गप्प झाला. मी सुरुवात पुन्हा लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावताना मागच्या बाकावरून कुणीतरी बाकाखाली पावलं वाजवत होतं.

आमच्या भांडखोर विद्यार्थिनीला मी मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, "तुझ्या निबंधात चूक नाही, ते तुझं खरं. शेरा माझाच अर्धा होता. 'पुन्हा लिही' असं नुसतं लिहून मी मोकळी झाले, काय पाहिजे ते लिहिलंच नाही. आता सांगते. तुझ्या निबंधातला मोर तू पाहिलायस का?"

"नाही."

"बेडूक?"

"ऐकलाय. रात्री."

"तुमच्या घरावर पाऊस पडतो तेव्हा काय ऐकू येतं?"

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "पत्रा आहे ना बाई आमचा. टीव्हीचं काहीच ऐकू येत नाही. आजी ओरडून बोलते, मग आई पण ओरडून बोलते, आणि पाऊस थांबला तरी दोघी थोडा वेळ ओरडूनच बोलत असतात."

मी काही बोलले नाही. नुसती वही तिच्या हातात दिली.

सोमवारी नवा निबंध आला. मोर गेला. बेडूक राहिला, पण फक्त आवाजापुरता. भजी राहिली, त्यावर तडजोड नाही म्हणाली. पत्रा आला, आजी आली, आई आली, आणि गळतीखाली ठेवलेली बादली आली. ती आधी टण्‌ टण्‌ वाजते आणि भरत आली की टुबुक टुबुक, असं तिनं लिहिलं होतं. ही बादली मला आजपर्यंत तपासलेल्या एकाही पावसाळ्यात भेटलेली नाही.

या वेळी शुद्धलेखनाच्या दोन चुका निघाल्या. म्हणून मी दहापैकी नऊ दिले. एक गुण का कापला, यावर आमचं नवं भांडण चालू आहे.